माफ केलं, तरी सून पाठवली नाही

आत्याबाई, तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे: मी अंगणात सडा टाकतेय, तुम्ही चुलीपुढं बाजरीची भाकरी थापताय, आणि तुमचा लेक, म्हणजे माझे मालक, दोन रात्री बाहेर काढून फाटकाशी येऊन उभे आहेत. त्यांच्या मारानं माझा कान सुजलाय, तो मी पदराखाली झाकलाय. तुम्ही ताट वाढून ओट्यावर ठेवलंत आणि म्हणालात, "जेव. पण उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई." ते म्हणाले, "माय, देव माफ करतो, तू कावून करीना?" तुम्ही तव्याकडं वळलात. "मीबी केलं. म्हणून तर वाढलं. पण हिचा कान अजून ठणकतोय."

मला तेव्हा तुमचाच राग आला होता. गल्लीतले लोक काय म्हणतील, चर्चच्या पाळकसाहेबांना काय सांगायचं, याची काळजी मला मारापेक्षा मोठी वाटत होती. ख्रिस्ती घर, आणि आईच लेकाला बाहेर ठेवते! ते कामावर, कापसाच्या जिनिंगमध्येच निजायचे आणि रोज ओट्यावर येऊन जेवून जायचे. तुम्ही त्यांचं कालवण कधी कमी केलं नाही, की एक कडू शब्द बोलला नाहीत. कापसाचा हंगाम सरेपर्यंत हे चाललं. मग एक दिवस तुम्ही विचारलंत, तेही त्यांना नाही, मला, "आता येऊ दिऊ का?" त्यानंतर त्यांनी हात उचलला नाही. ते बदलले की तुम्हाला भ्याले, हे ते गेल्यावरही मला कळलेलं नाही.

तुमच्या माघारी पवित्र शास्त्र, आपलं बायबल, मी एकटीच वाचते. शाळा चौथीपर्यंतच झाली, बाकीचं वाचन तुम्हाला वाचून दाखवता दाखवता आलं. क्षमेबद्दल तिथं काय लिहिलंय ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून शुक्रवारी दुपारी माझा मुलगा, तुमचा नातू, चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना घेऊन आला तेव्हा मला लई जड गेलं. सून आठवड्यापासून माझ्याकडं आहे, तिचं मनगट त्यानं मोडलंय, प्लास्टर आहे. ते गृहस्थ म्हणाले, "बाई, रविवारी चर्चात प्रभुभोजन हाय, भांडण ठेवून त्याला बसता येत न्हाई. लेकरू पाया पडतंय. सुनेला पाठवा अन् मिटवून टाका."

"चहा ठेवते," मी म्हणाले. "चहा घ्या अन् जावा."

मुलगा म्हणाला, "आई, माफ करायला तूच शिकवलंस ना?" त्याचे डोळे खरंच भरले होते, ते नाटक नव्हतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "केलं बाबा. मी तुला माफ केलं. पण मनगट माझं न्हाई मोडलं." मग आत जाऊन सुनेला विचारलं, जायचं का. ती भिंतीकडं बघत म्हणाली, "आत्याबाई, मागच्या बारीलाबी ते असंच रडले होते."

मागच्या बारीला. म्हणजे हे पहिल्यांदा नव्हतं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. आत्याबाई, तुमच्या लेकाला तुमचा धाक होता. याचं गेवराईत भाड्याचं वेगळं घर आहे, तिथं दार लावून घेतल्यावर माझा कसला धाक? हिला पाठवली तर दयाळू मी ठरणार आणि हाडं हिची मोडणार. नुसतं घरात ठेवून घेतली तर तो पुन्हा कुणाला तरी घेऊन येणार, पुन्हा रडणार, आणि एखाद्या दिवशी मी विरघळणार.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून हेही लिहिते. ते दोघं निघाल्यावर मी त्याला हाक मारायला फाटकापर्यंत धावले होते. तो वळून बघता तर सून त्याच्याबरोबर लावून दिली असती. त्यानं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुनेला घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि माझ्या लेकाविरुद्ध जबाब दिला.