आप्पा, खंदकात पडलेला तो तुम्ही नव्हता

तीर्थरूप आप्पा,

मागच्या पत्रात मी तुम्हांला मारलं. ते चुकलं. आधी तेवढं दुरुस्त करते, मग बाकीचं.

मी लिहिलं होतं की सिनेमाच्या शेवटी गोळी लागून खंदकात पडणारा गुरखा शिपाई तुम्हीच, आणि पडताना तुम्ही आभाळाकडे बघत होता. तो तुम्ही नव्हता. मंगळवारी मी तो खेळ दुसऱ्यांदा बघितला, या वेळी पहिल्या ओळीत बसून. पहिल्यांदा गेले होते तेव्हा सुप्यातल्या सिनेमाच्या तंबूत पोचेपर्यंत अर्धा खेळ झाला होता, आणि जागा मिळाली ती अगदी कडेला, बायकांच्या पडद्याआड. डोळे सारखे भरून येत होते. टोपी तीच, चिकटवलेली मिशी तीच. गुरखा दिसला की मला तुम्हीच दिसायचा. शाळेत लहान मुलींना मी बजावते, जेवढं पाहिलं तेवढंच लिहा. आणि स्वतः काय केलं?

नुसतं लिहून पेटीत ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण मी बाजारकुणंगाला घरी गेले तेव्हा आईने विचारलं, "काय लिवलंस गं त्येंस्नी?" मी वाचून दाखवलं. आई भाकरी थापत होती. तिने ती तव्यावर टाकली. मग म्हणाली, "एकदा माज्या मांडीवर डोळं मिटलं त्येंनी. आता तंबूत जाऊन परत मरताना बघू व्हय? न्हाई यायची मी."

तोवर ती यायचं म्हणत होती, आप्पा! आपल्या घरात तुमचा फोटो नाही. कुठून असणार? मागे एकदा तिने मला विचारलं होतं, "तुज्या आप्पाच्या डाव्या भुवईवर वण हुता का उजव्या?" मला सांगता आलं नाही. तिलाही नक्की आठवेना. ज्या एका ठिकाणी तो वण अजून दिसतो, तिथे जायचं तिने माझ्या पत्रामुळे टाकलं.

ती सिनेमावाली मंडळी आठवतात ना? दोन वर्षांपूर्वी सुगी झाल्यावर दोन बैलगाड्या भरून सुप्याला आली होती. त्यांना गुरख्याचा सिनेमा काढायचा होता, आणि त्यांच्यापाशी गुरखा नव्हता, तोफ नव्हती, खंदकही नव्हता. गावात कुणीतरी सांगितलं, बाजारकुणंगात एक माणूस आहे, इंग्रजांच्या फौजेबरोबर बसऱ्याच्या लढाईत खंदक खणून आलेला. म्हणून ते तुमच्या दारात आले. नदीकाठच्या माळावर तुम्ही बाराजण घेऊन खणायला लागलात. मी भाकऱ्या घेऊन यायची आणि उगीच रेंगाळायची.

किती गमती होत्या! बंदुका बांबूच्या, काजळी फासलेल्या. कपडे हिरड्याच्या पाण्यात रंगवलेले. वाळूच्या पोत्यांत वाळू भरायला वेळ कुणाला, म्हणून भाताचा कोंडा भरला, आणि दुपारी म्हशींनी येऊन अर्धी तटबंदी खाल्ली. सकाळी जे आपले शिपाई तेच दुपारी शत्रू, टोपी तेवढी उलटी. कुकरी म्हणून लोहाराकडून आणलेलं हत्यार तुम्ही हातात फिरवून बघितलंत आणि म्हणालात, "ह्यो तर आपला कोयताच की. मूठ बदललीया."

पण त्या सिनेमावाल्या मास्तरांना तुम्ही काय काय सांगत होता! खंदक सरळ का खणायचा नाही, पाणी साचलं तर कुठून काढायचं, डोकं वर न काढता भाकरी कशी खायची. मी भाकऱ्यांची पाटी घेऊन मागे उभी होते आणि ऐकत होते. आप्पा, हे सगळं तुम्हांला माहीत होतं, आणि घरात एवढ्या वर्षांत एक शब्द नाही! आम्ही विचारलं की म्हणायचा, "माती. दुसरं काय असतंय तिथं?" परक्या माणसाला सांगितलंत, मग मला का नाही? मी विचारायला कमी पडले का?

आणि लढाईतला तो खरा गुरखा. मास्तरांचा नट छाती बडवून ओरडायला लागला तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "त्यो असा वरडायचा न्हाई. गप असायचा. थंडीत माजं फावडं घिऊन माज्यासंगं खणायचा." कोण तो? नाव काय त्याचं? तुम्हांला त्याची बोली येत नव्हती, त्याला तुमची येत नव्हती, मग बोलत कसे होता? मी शाळेतल्या नकाशात नेपाळ शोधून काढला. सुप्यापासून तिथपर्यंत माझी वीत दोनदा लागते. तो परत पोचला का? त्याच्या घरी कुणी मुलगी असेल का, तुमच्याबद्दल असंच विचारणारी, की तो फावडेवाला कोण होता? हे आता मला कुणीच सांगणार नाही.

मग तो नट तापाने पडला. सुप्याचा ताप, तो काय नटाला सोडतो? त्याला गाडीत घालून पाठवून दिलं, आणि मास्तरांनी तुमच्याकडे खालून वर बघितलं. ठेंगणे, रुंद चेहऱ्याचे, बारीक डोळ्यांचे. "तुम्हीच गुरखा!" सगळ्या कंपनीत बुटांचा एकच जोड होता, नटाचा. तो तुमच्या पायांत आला.

त्या सकाळी मी तिथे होते, म्हणून मला सगळं शब्दन् शब्द माहीत आहे. तुम्हांला धावत येऊन खंदकात उडी मारायची होती. तुम्ही धावत आलात, काठावर थांबलात, खाली बसून बूट काढलेत, जोडीने नीट बाजूला ठेवलेत, आणि मग उतरलात.

मास्तर किंचाळले, "अहो, बूट! बूट! गुरखा अनवाणी लढतो का?"

तुम्ही वळून म्हणालात, "नारळ वाडवलाय हितं, सायेब. जाग्याच्या राखणदार देवाला इचारून माती काढलीया. तिथं चामडं घालून न्हाई उतरायचं."

"आणि वरून गोळ्या येतात त्याचं काय?"

"त्या काय बुटानं अडत्यात व्हय?"

सगळे खो खो हसले. मास्तरही हसले, पण फिल्म महाग, पुन्हा काढायला उरली नव्हती. "जाऊ दे, दुरून कुणाला दिसतंय," म्हणाले.

दिसतंय, आप्पा! मंगळवारी मला सगळं दिसलं. गुरखा धावत येतो, बूट काढतो, उतरतो, मग वळून सरळ आपल्याकडे बघतो आणि काहीतरी बोलतो. मुक्या सिनेमात आवाज नाही. तंबूत लोक हसत होते. त्या साऱ्या लोकांत तुम्ही काय बोलताय ते एकट्या मला कळत होतं. मी मनात सात मोजेपर्यंत तुमचा चेहरा पडद्यावर होता, खळ्याएवढा मोठा. वण डाव्या भुवईवर आहे.

आणि शेवटी जो पडतो, त्याच्या पायांत बूट आहेत. खंदकाच्या आत, बूट! मग तो तुम्ही कसे?

तरी माझं मन मानेना. एकदा चुकले होते ना. म्हणून बुधवारी दुपारी आमच्या शाळेतल्या बाईंना बरोबर घेऊन खेळ दाखवणाऱ्या मशीनवाल्याला विचारायला गेले. खानापूरकडचे वयस्क गृहस्थ आहेत, सिनेमा काढतानाही कंपनीबरोबर होते. म्हणाले, "शेवट पहिल्याच दिवशी उरकला होता, पोरी. नट धडधाकट होता तोवर. तुझे वडील त्यात कुठेच मरत नाहीत." त्यांनी फिल्मची पट्टी उन्हात धरून दाखवली. नखाएवढे तुम्ही, एकाखाली एक, सगळे अनवाणी.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. कंपनीचं पत्र आलं आहे. त्या जागी लोक हसतात, गुरख्याची शोभा जाते, तेवढा तुकडा कापून परत पाठवा. मी विचारलं, कापलेला तुकडा मला द्याल का? म्हणाले, "तो मोजून परत द्यावा लागतो. आणि घेऊन करशील काय? मशीनशिवाय माणूस हलत नाही." पण ते भले आहेत. म्हणाले, रविवारचा दिवेलागणीचा खेळ झाल्याशिवाय कात्री लावणार नाही. सोमवारी तंबू उठणार.

म्हणजे आईला तुमचा चेहरा दिसायचा तर रविवारीच. नाहीतर कधीच नाही.

आता माझी भीती सांगते. आई कुणाचं काही ऐकून विश्वास ठेवत नाही, पण मी लिहिलेलं तिला देवाच्या जागी. शेजारीण म्हणाली होती, "पोरगीनं नीट बघितलं नसंल." तर आई तिच्यावर उसळली, "लिवलंय तिनं! लिवल्यालं खोटं असतंय व्हय?" आपल्या घरात लिहायला शिकलेली मी पहिली. तुम्ही चार लोकांचं ऐकून घेतलंत, पण मला शाळेतून काढलं नाही. आता तिच्यासमोर बसून सांगायचं, की तुझ्या मुलीचं लिहिलेलं चुकलं? मग यापुढे मी काही वाचून दाखवलं तर ती माझ्या तोंडाकडे कशी बघेल? कदाचित म्हणेल, तवा खरं हुतं का आता खरं हाय? आणि त्यावर माझ्याकडे उत्तर काय? मी फक्त दोनदा बघितलं आहे.

गोड बोलून, काही न सांगता तिला गाडीत बसवावं, असंही मनात आलं. देवदर्शनाला चल म्हणावं. दोन दिवस हाच विचार केला. पण मग तंबूत ती पूर्ण वेळ डोळे मिटून बसेल, तुम्ही पडाल या भीतीने. ते सात आकडे तिच्या मिटल्या डोळ्यांवरून निघून जातील. तिने डोळे उघडे ठेवायला हवेत, तर तिला आधी खरं कळायला हवं. दुसरी वाट मला दिसत नाही.

बाईंनी दोन दिवसांची रजा दिली आहे. उद्या, शुक्रवारी, सुप्याच्या बाजारातून परतणाऱ्या गाडीने मी बाजारकुणंगाला जाते. पोचायलाच सांज होईल, आणि थकलेल्या आईला तेव्हा काही सांगणार नाही. पण दुसऱ्या दिवशी, सुप्याला परतायची गाडी जुंपायच्या आधी तिच्यापुढे बसेन, मागचं पत्र फाडणार नाही, तेच हातात घेईन, चुकलेल्या ओळीवर बोट ठेवून वाचेन, आणि म्हणेन, आई, हे मी चुकीचं लिहिलं. ती रागावली तर रागावू दे. नाही आली तर पुन्हा विचारेन. हा शब्द तुम्हांला देते, आप्पा, आणि दिवसही लिहून ठेवते, म्हणजे मला मागे सरता येणार नाही.

तुमची,
गिरजा

आईला सांगायचा दिवस: शनिवार, माघ वद्य नवमी. सकाळी, आईची चूल पेटायच्या आत.