उलट्या चुंबकाची मापं

३ तारीख
नोकरी लागली एकदाची, गंगेत घोडं न्हालं! काम झकास आहे. केसाच्या जाडीत हजारो मावतील असे अर्धवाहकाचे ठिपके, त्यांना क्वांटम डॉट म्हणतात. लेझर पाडला की डॉट चमकतो. चुंबक चालू केला की त्याच्या प्रकाशाची एक रेघ फाटून दोन होतात. चुंबक थंड ठेवायला द्रवरूप हेलियम भरणारे काका म्हणाले, घरोघरी हेच होतं, फक्त चुंबक लागत नाही. मी खूप हसलो. आमच्या प्रमुख बाई हसल्या नाहीत.

११ तारीख
सुलट चुंबकाची मापं संपली. आता चुंबक उलटा करून सगळं पुन्हा, म्हणजे अख्खी दुपार गेली. उत्तर तर तेच येणार! सुलट्याच फायलींना उणे चिन्ह लावलं, दुपारी घरी जाऊन झोपलो आणि उठल्यावर बाईंना पाठवल्या. बाईंनी संध्याकाळी फोनवर शाबासकी दिली. जेवण गेलं नाही.

१६ तारीख
चोराच्या मनात चांदणं. बाईंनी बोलावलं तेव्हाच ओळखलं. दोन्ही मापांच्या आलेखांत एकाच जागी एकच भलतं टोक आलंय. बाईंना वाटलं प्रकाश टिपणारा कॅमेरा बिघडलाय, आणि कॅमेऱ्याची निगा काकांकडे. काका मान खाली घालून म्हणाले, चुकलं असेल माझं. मी शेजारीच उभा होतो, मूग गिळून. लिहितानाही लाज वाटते.

१८ तारीख
काकांना महिनाअखेरीस काढणार. निवृत्तीला आठ महिने उरलेत.
निदान आता तरी खरी मापं घ्यावीत म्हणून गेलो. ती घेतलेली होती. नोंदवहीत तारीख अकरा, वेळ दुपारची, अक्षर माझं. फायलींत ते टोक नाही.
बाईंना दाखवल्या तर काका वाचतील. पण मग मी दिलेल्या कुठल्या, असं विचारतील. नाही दाखवल्या.

१९ तारीख
गेटवरचा पहारेकरी म्हणाला, साहेब, आत्ताच तर आत गेलात. मी तसाच घरी पळालो —

२० तारीख
बाईंचा फोन. म्हणाल्या, धीर लागतो कबूल करायला. मी म्हणे काकांचे पाय धरले, रडलो. मी नाही. मी दिवसभर उशीत तोंड खुपसून —
काका वाचले. बरं वाटायला हवं.

२१ तारीख
प्रयोगशाळेच्या दाराबाहेर बसून लिहितोय. काचेतून तो दिसतो, हुबेहूब मी. काकांबरोबर हेलियम भरतोय. काका हसतायत. मघाशी काच वाजवली, काकांना ऐकूच गेलं नाही, वळला फक्त तोच. रागावला नाही. त्याला माझी लाज वाटली.
आता दाराकडे येतोय. काकाही मागोमाग. मी काकांना सांगणार, की पाय धरले ते मी, कबूल केलं तेही मीच, मीच ते —