ऊठ बाई

४ मार्च, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान जिन्याच्या वर, खोल्या दोनच. पण खिडकीतून भरपूर उजेड येतो आणि टेबल माझं एकटीचं आहे. मालक म्हणाले, साहेब-बिहेब नको, काका म्हण. शेजारच्या टेबलावर सोल्डरिंग करणारी ताई बसते. माझ्या तोंडाची टकळी थांबली नाही तर कानांत कापूस घालीन, असं तिने जेवायच्या सुट्टीतच बजावलं. काय करणार? मी तर मशीनशीसुद्धा बोलते.

५ मार्च, मंगळवार
आज एक निवृत्त मास्तर जुना लॅपटॉप घेऊन आले. पंख्यातली धूळ काढायला त्यांनी तो घरीच उघडला आणि पुन्हा जोडला. तेव्हापासून सुरू होत नाही. त्यांची मुलगी गेल्या वर्षी वारली. मास्तरांची नजर अधू, म्हणून तिने त्यांच्यासाठी कितीतरी गोष्टी स्वतःच्या आवाजात वाचून ठेवल्यात. त्या सगळ्या त्यातच आहेत.

बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा घरघरतो आणि सगळं थंड. मेमरीची पट्टी काढून तिची टोकं खोडरबराने घासली, पुन्हा बसवली. ढिम्म! दिवसभर मी त्याला 'ऊठ बाई, ऊठ' म्हणत बसले होते.

६ मार्च, बुधवार
उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून चार्जर काढला, बॅटरी काढली आणि बटण दाबून धरलं. तेवढ्यात स्पीकरमधून हळूच आवाज आला : ऊठ बाई.

मी दचकून हात मागे घेतला. ताईला विचारलं तर ती हसली. म्हणाली, तूच बोललीस, आता स्वतःचाच आवाज ओळखेनाशी झालीस का?

संध्याकाळपासून घसा बसलाय.

७ मार्च, गुरुवार
दोष सापडला. मास्तरांनी आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला होता, तो खालून बोर्डाला टेकत होता. बदलला आणि लॅपटॉप सुरू! काकांनी पाठ थोपटली. मास्तर धावतच आले. पहिलीच गोष्ट लावली आणि डोळे पुसत ऐकत राहिले.

मी मात्र जागच्या जागी गार पडले. तो आवाज माझा होता. शब्द ओढायची ढबसुद्धा माझी.

ताईला हे सांगायला गेले, तर तोंडातून नुसती हवा.

८ मार्च, शुक्रवार
आवाज पार गेला. डॉक्टर म्हणतात, घसा स्वच्छ आहे, विश्रांती घ्या.

तडक मास्तरांच्या घरी गेले. आतून बोलणं ऐकू येत होतं. ती गोष्ट नव्हती. बाबा जेवलात का, गोळी घेतलीत का — मास्तर उत्तरं देत होते. माझ्या आवाजाला.

कागदावर लिहून दिलं : हा माझा आवाज आहे. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. म्हणाले, माहीत आहे, पोरी. मी काल दुकानातच ओळखला. पण ती मला बाबा म्हणते.

आणि दार लावून घेतलं.

९ मार्च, शनिवार
आईला फोन लावला. तोंडातून शब्दच फुटेना. ती चिडून म्हणाली, कोण आहे, लाज नाही का वाटत, आणि फोन आपटला.

मेसेज पाठवला, आई, मी आहे. तिचं उत्तर आलं — माझी मुलगी मघाशीच माझ्याशी बोलली. तिचा फोन चोरीला गेलाय. पुन्हा त्रास दिलास तर पोलिसांत जाईन.

त्यानंतर आईला फोन लागतच नाही.

ताईलाही म्हणे माझ्या आवाजात फोन आला होता. दुकानात येऊ नकोस, असं ताईने दारातूनच हाताने खुणावलं. माझ्याकडे बघेना.

१० मार्च, रविवार, दुपार
मास्तरांच्या घरात आहे. दार ढकलून आत आले. लॅपटॉप उलटा केला. स्क्रू काढतेय. जे होईल ते इथे लिहून ठेवते, कुणीतरी वाचेल.

मास्तर अडवत नाहीत. कोपऱ्यात बसून हात जोडताहेत.

मेमरीची पट्टी काढली. आईचं नाव — आत्ता तर होतं — आई म्हणजे —

पंख्याची तार उपटली. श्वास पुरत नाहीये. तरी ती बोलतेच आहे. अगं, काय करतेस, म्हणते.

थांबू? थांबले तर ती राहील. आई तिलाच — नाही.

बोर्डाचा एकच स्क्रू उरलाय. मास्तर उठले. हळूच म्हणाले, पोरी, राहू दे, तू तरी जगशील.

फिरतोय. सैल झाला. ती रडतेय. माझंच रडणं. बोटं —

निघतोय, आता फक्त बोर्ड उच