गोठ्यातला पाचवा डबा

२० ऑगस्ट २०१७, सुलतानपूर
पुण्याची नोकरी सोडली. (खरं तर आम्ही एकमेकांना सोडलं.) सासुरवाडीला येऊन महिना झाला. मुक्काम तात्पुरता. सासरे गुलाबराव यांच्या वावरात बीटी कपाशी आहे आणि यंदा गुलाबी बोंडअळीची सगळ्यांनाच धास्ती. मी पाच कामगंध सापळ्यांना (मादीच्या वासाने बोंडअळीच्या नर पतंगांना ओढणारे) वायरलेस डबे बसवणार. सापळ्यात पतंग शिरला की डबा मोजणार, छतावरच्या अँटेनाला कळवणार, आकडा लॅपटॉपवर. चाललं की स्वतःची कंपनी आणि पुणे. बॅग भरलेलीच ठेवली आहे.

२३ ऑगस्ट
या कमी बॅटरी खाणाऱ्या डब्यांना दोन तऱ्हेचे पत्ते असू शकतात. एक लांब, आठ बाइटचा, कारखान्यातून येतो. दुसरा आखूड, दोन बाइटचा, नेटवर्कमध्ये शिरल्यावर मिळतो. आलेला पत्ता कोणत्या जातीचा हे प्रोग्रामने आधी ओळखायचं असतं. फालतू काम. सगळे आखूडच असणार. नंतर बघू.

२७ ऑगस्ट
चार डबे वावरात लावले. पाचवा नेताना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नाग. सासूबाई म्हणतात धामण होती. त्यांनी फणा पाहिला नाही, मीही पाहिला नाही, पण मी जास्त जवळ होतो. पाचवा गोठ्यात टांगला. टेस्टिंगला गोठाच उत्तम.

२ सप्टेंबर
सिस्टीम चालू. स्क्रीनवर एक ओळ. पतंग शून्य. पुष्पांजलीने (बायको, हिवरा आश्रम या गावी शाळेत शिकवते) विचारलं, डबे पाच अन् ओळ एकच काऊन? तिला समजावलं की हा एकत्रित व्ह्यू आहे. ती हो का म्हणाली आणि बस पकडायला गेली. उद्या कोड तपासायचा. नक्की.

३ सप्टेंबर
लाईट नव्हती.

४ सप्टेंबर
लाईट होती. मूड नव्हता.

११ सप्टेंबर
इथे जीव गुदमरतो. मला दिवसभर पुढच्या खोलीतल्या पलंगावर बसवून ठेवतात. पाण्याची बादली उचलली तर सासूबाई रुखमाबाई हातातून काढून घेतात. जावयाले कामाले लावलं तं लोकं काय म्हनतीन, म्हणे. दारातून आत आलेला प्रत्येक जण विचारतो, जावईबापू कवा आले? आणि बसायच्या आधीच, कवा जाता? संकल्प: दसऱ्याच्या आत पुणे.

२० सप्टेंबर
शेजारच्या वावरातले रहेमतुल्लाभाई येऊन सांगून गेले की माह्या वावरात पतंग दिसून राह्यले, मी उद्या फवारतो, गुलाबराव, तुम्हीबी पंप घेऊन जा. सासरे म्हणाले, काई गरज नाई, आमच्या जावईबापूच्या मशीनवर शून्य हाय. म्हणताना टोपी सरळ केली. या घरात माझ्याबद्दल असं कोणी पहिल्यांदाच बोललं. फार बरं वाटलं. आता कोडला हात लावणं धोक्याचं. चालत्या सिस्टीमला छेडू नये.

२६ सप्टेंबर
सासरे आता वावरात जात नाहीत. मीच सांगितलं, माणसांच्या येण्याजाण्याने सिग्नल बिघडतो. सकाळी चहाची बशी घेऊन माझ्या लॅपटॉपसमोर बसतात. शून्य दिसलं की समाधानाने उठतात.

३० सप्टेंबर
दसरा. पुण्याचा विषय दिवाळीवर ढकलला. बॅगेतून स्वेटर काढला.

९ ऑक्टोबर, दुपारी
कोड उघडला. उघडायला नको होता.
पत्ते लांब आहेत. माझा प्रोग्राम त्यांना आखूड समजून आठातले पहिले दोनच बाइट वाचतो. आणि ते दोन म्हणजे कारखान्याची खूण, पाचही डब्यांचे सारखे. पाच डबे एकाच ओळीत लिहितात. गोठा अँटेनाखालीच, त्यामुळे तो डबा सारखा बोलतो आणि बाकीच्यांचं पुसतो. थोडक्यात, सव्वा महिना मी गोठ्यातले पतंग मोजतोय.
दुरुस्ती दोन ओळींची आहे. पण परवा घरची सीतादहीची पूजा. शुभकार्याआधी कशाला? नंतर सांगू. शिवाय वावरातही शून्य असू शकतं.

११ ऑक्टोबर
सीतादही. वेचणीच्या आधी घरची बाई वावरात दहीभाताचा नैवेद्य ठेवते, मग पहिला कापूस वेचते. मी सिग्नलचं म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, सीतामायले सिग्नल नाई लागत. सगळे गेलो. पूजेच्या झाडाचं एक बोंड नीट उमललं नव्हतं. त्यांनी नखाने उघडलं. आत गुलाबी अळी. दुसरं उघडलं. तिसरं. मग त्या उघडतच राहिल्या. नैवेद्याचं पान तसंच राहिलं. चारही सापळे पतंगांनी गच्च होते.
परतताना मी सासऱ्यांना पत्त्यांचं तांत्रिक कारण समजावलं. ते ऐकत होते. गोठ्यापाशी थांबले, डब्याकडे बघून म्हणाले, तुमचं मशीन खोटं नाई बोललं जावईबापू. गोठ्यात अळी नाईच.
फार शरम वाटली. चूक डबे बनवणाऱ्या कंपनीची आहे. पत्ता लांब आहे हे डब्यावर ठळक लिहायला नको?

१४ नोव्हेंबर
वेचण्यासारखं फारसं काही निघालं नाही. सासरे उभी कपाशी मोडणार. पुष्पांजली म्हणाली, अहो, पुढचा हंगाम येईस्तोवर पुण्याचं नाव काढू नका, बाबा एकटे पडतीन. बॅगेत आता सासूबाईंनी सरकी भरली आहे.

२१ नोव्हेंबर
पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटतोय. जावयाला कामाला लावत नाहीत हा नियम न सांगताच रद्द झाला. हाताला फोड. बादलीही आता मीच भरतो, कोणी हातातून घेत नाही.

२ डिसेंबर
दोन ओळी लिहिल्या. पत्त्याची लांबी आधी तपासली. पाच डबे, पाच वेगळे पत्ते, पाच ओळी. सगळ्या ओळींत शून्य, आणि हे शून्य अगदी अचूक आहे, कारण सापळे वरच्या अर्ध्या वावरात आणि तिथे आता झाडच नाही. लॅपटॉप घेऊन धावत सासऱ्यांकडे गेलो. त्यांनी सवयीने बशी खाली ठेवली, पाचही ओळी बोटाने नीट वाचल्या. बरं झालं म्हणाले. मग म्हणाले, चाला जावईबापू, खालचं अर्धं वावर उपटायचं राह्यलं.