धुतलेली बेअरिंगं

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. पुस्तक असेल म्हणून चष्मा पुसून उघडलं, तर आत सोनेरी डबी आणि डबीत लोखंडी कडी. माझ्या वयाच्या बाईला भाच्या शाल पाठवतात. तू चाकाची बेअरिंगं पाठवतेस आणि याच मापाची, पण चांगली आणून दे म्हणतेस.

मुळात जिला दिवा नाही, हॉर्न नाही आणि जी चिखलातच चालवायची, अशी मोटरसायकल सुटे भाग जमवून जोडायची हौस तुला कुठून आली? आपल्या घराण्यात चिखलात पडलेले पुष्कळ आहेत, पण त्यासाठी कुणी वाहन केलं नव्हतं. या बेअरिंगांचं काय वाईट आहे ते कळव. त्याशिवाय मी दुकानाची पायरी चढणार नाही.

लोभ आहेच, सध्या रागही आहे.
आत्या

९ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

ती डबी बाबांनी आणली, त्यांच्या मित्राच्या दुकानातून. बेअरिंगवरचा नंबर नखाने खरवडला तरी निघतो, म्हणजे माल नकली असणार. शर्यतीत टेकाडावरून उडी मारली की सगळा भार या कड्यांवर येतो. ती फुटली तर चाक जागीच अडकेल आणि मी पुढे जाईन, एकटीच.

पण बाबांना हे सांगायची हिंमत नाही. गाडी जोडायला घेतल्यापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. ही डबी घेऊन आले, तेव्हा त्यांनी शेडमध्ये पहिल्यांदा पाऊल ठेवलं.

बेअरिंग बोटावर हळू फिरवून बघ. कुठे अडायला नको, बाजूला हलायला नको. वांगी निवडतेस तशी निवड.

लोभ असू दे, राग शर्यतीनंतर.
भिंगरी

१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

दुकानदाराने आजी म्हणून हाक मारली आणि शिलाई मशीनसाठी हवंय का विचारलं. मी तुझी आजी नाही, असं सांगून स्टूल मागितलं आणि एकेक बेअरिंग बोटावर फिरवत बसले. मागे रांग लागली. लागू दे. शेवटी कंटाळून त्याने आतल्या कपाटातली काढली.

घरी येऊन बघते तर आत नुसता चिकट गिचका. नवी वस्तू धुतल्याशिवाय वापरू नये, ही आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांची शिकवण. केसांच्या पिनेने रबरी झाकणं उचकटली, सगळी बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली आणि उन्हात वाळवली. माझी गुळगुळीत फिरतात. तुझ्या बाबांची मात्र जात्यात खडे पडल्यासारखी बोलतात. त्याचं बोलणं इतकी वर्षं ऐकलंय, त्यामुळे आवाज ओळखीचा वाटला. नवी सोनेरी डबीत घालून पाठवते. त्याची माझ्यापाशीच राहू देत.

आभार मानायचे असतील तर मान.
आत्या

२२ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आत्या, तो गिचका म्हणजे ग्रीस. त्याच्यावाचून बेअरिंग जळतं. डबी उघडली आणि डोक्याला हात लावून बसले. पण बाबांच्या बेअरिंगांचा खडखडाट त्या ग्रीसमागेच लपला होता. मला नुसता संशय होता, तू धुऊन पुरावा दिलास.

तुझ्या बेअरिंगांत नवं ग्रीस भरलं, झाकणं दाबली आणि बाबांच्या देखत सोनेरी डबीतून काढून बसवली. चाक त्यांनीच धरलं होतं. मी काही बोलले नाही, तूही तोंडाला कुलूप लाव.

लोभ आणि मौन, दोन्ही असू दे.
भिंगरी

५ मार्च

ती. ताईस धाकल्याचा सा. न.

शर्यत झाली. पोर धड आहे, वर तिसरी आली. टेकाडावरून उडाली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. चाकं मात्र लोण्यासारखी फिरली. बेअरिंगं मी आणलेली. मला साधी वांगी निवडता येत नाहीत असं तू लहानपणापासून म्हणतेस. आता बोल.

भिंगरी नुसती हसली. मला हुरूप आलाय. त्याच मित्राकडून ब्रेकचा अख्खा संच घेतला. त्याची डबी तर आणखी सोनेरी आहे. रविवारी आम्ही दोघं मिळून बसवणार.

कृपा असावी, टोमणे आटोपते असावेत.
धाकला

८ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद, नाइलाजाने.

त्या ब्रेकला हात लावू नकोस. शनिवारच्या बसने येते आहे. तुझ्या बाबाची बेअरिंगं पर्समध्ये घेतली आहेत. ती तो स्वतःच्या बोटावर फिरवेल आणि मग काय ते मी सांगेन. मन मोडेल त्याचं. मोडू दे, मी बसेन जोडत. तुझी मान मोडली तर ती मला जोडता येत नाही.

खोटं बोललं की आमच्या सिस्टर गुडघ्यांवर बसवत. शेडमध्ये आपल्या दोघींसाठी जागा झाडून ठेव. सोमवारी त्याला घेऊन मी बेअरिंगं घेतली त्या दुकानात चांगले ब्रेक निवडायला जाणार आहे, स्टुलं दोन लागतील.

आणि रॉकेल काढून ठेव.

आत्या