मागचं पान

दादा,

पाकिटावर पत्ता घालायचा प्रश्नच नाही, तरी लिहितेय.

शाळेतल्या मुलांचा वार्षिक अंक निघाला. यंदाही सगळं त्यांनीच केलं, मी नुसती देखरेखीची बाई. जाहिराती मागायला पोरं बाजारभर हिंडली. दुकानदारांनी उद्या या, परवा या करत झुलवलं, पण शेवटी छपाईचा खर्च निघाला. मागच्या पानाचं काय करायचं, असं संपादक पोरगी मला सारखं विचारत होती. मी "बघू" म्हटलं. तू गेल्यापासून मी सगळ्यालाच "बघू" म्हणते.

छापखान्यानं गेल्या वर्षीचंच पान उचलून लावलं. तुझं सायकलचं दुकान, 'रविवारीही चालू', खाली तुझा नंबर. कच्ची प्रत तपासताना पोरीनं लाल पेन हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, काकांची... काढू ना?"

"राहू दे. त्या पानाचे पैसे मी भरते."

तिनं पेनाला टोपण लावलं.

"तुमचा अंक वाचतं कोण गं?" असं दरवर्षी विचारायचास आणि पैसे काढून द्यायचास.

काल तुझा फोन वाजला. माझ्याच पर्समध्ये असतो, रोज चार्ज करते. शाळेतल्या कुठल्याशा मुलीचे वडील होते. तिच्या सायकलची चेन सारखी पडतेय, अंकात नंबर पाहिला, दुकान उघडं आहे का, म्हणाले.

वाचतात रे.

मी म्हटलं, "आज बंद आहे."

"बरं, मग उद्या येतो," म्हणाले.

तुझी,
धाकटी