विहिरीतली वटवाघळं आणि माझं उत्तर

सणसर, शुक्रवार संध्याकाळ

वटवाघळांवरची गोचीड माणसाला चावते का? मला माहीत नाही. ती कुठंकुठं पसरली आहे, एवढंच मी शोधतेय. सकाळी आमच्याच जुन्या विहिरीत सापडली. आबांनी विचारलं, तर शिकलेल्या मुलीचा तोरा दाखवत मी म्हणाले, "चावते."

दुपारी विहिरीच्या काठावर आबांनी आणलेले उसाच्या पाचटाचे भारे! वटवाघळांना जाळायला.

शेजारचे तात्या म्हणाले, "आजवर कुणाला चावलीया?"

"घरातली पयली ग्रॅज्युएट हाय माझी पोरगी. तिच्यापरास तुमाला जास्त कळतं व्हय?"

आबांचा तो आवाज... अजून कानात आहे.

त्यांनी काडी ओढायच्या आत मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आबा, मला म्हाईत न्हाय. उगाच बोलले."

आबांनी मान खाली घातली. पाचट मी एकटीनं ओढून बांधावर टाकलं.